फ्रीजचं पक्कं बिल

आमचा फ्रीज आम्ही विकत घेतला, त्याच्या चौदा महिने आधीच तो आमच्या घरी आला होता. हे मी म्हणत नाही, दुकानाचं पक्कं बिल म्हणतं.

झालं असं, की मी शाळेतून निवृत्त झालो आणि त्याच मार्चमध्ये जरीपटका भागातल्या एका दुकानातून फ्रीज घेतला. सगळे पैसे तिथल्या तिथे, मोबाइलवरून. शेठनं वहीचं पान फाडलं, त्यावर मॉडेल आणि तारीख लिहून सही ठोकली.

"पक्कं बिल दोन दिवसात घरी पाठवतो, सर. तुमी काहून टेन्शन घेता?"

मी टेन्शन घेतलं नाही. (एक साधी सुट्टीसुद्धा लेखी अर्जाशिवाय कधी न देणारा मास्तर मी!)

मे महिन्यात फ्रीज बंद पडला. बाहेर शेहेचाळीस डिग्री आणि आत शालूचं, म्हणजे माझ्या बायकोचं, इन्सुलिन! ते उचलून शेजारच्या वहिनींच्या फ्रीजमध्ये ठेवलं. आता शालूला जेवायच्या आधी रोज शेजारी जाऊन बेल वाजवायची पाळी. कंपनीचा मेकॅनिक आला आणि फ्रीजला हात न लावताच म्हणाला, "बिल दाखवा. बिल नाही तं वॉरंटी नाही."

डोक्याला दुपट्टा बांधून मी दुकानात गेलो.

"सर, प्रिंटर बंद आहे."

दुसऱ्या दिवशी प्रिंटर सुरू, पण बिल काढणारा माणूस साळ्याच्या लग्नाला! तिसऱ्या दिवशी माणूस हजर, पण कॉम्प्युटरचा पासवर्ड शेठच्या भावाजवळ आणि भाऊ गावाला! मी आतून नुसता उकळत होतो. चौथ्या दिवशी शेठनं एक गुळगुळीत कागद हातात ठेवला. मी तो न वाचताच घरी नेला आणि मेकॅनिकसमोर विजयी वीरासारखा धरला.

त्यानं वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. "सर, तुमी फ्रीज घेतला तेव्हाच वॉरंटी संपून गेली होती न."

तारीख मागच्या वर्षीच्या जानेवारीची! मॉडेलही दुसरंच, आमच्यापेक्षा छोटं!

मी पुन्हा दुकानात. रस्ताभर वाक्यं जुळवत गेलो होतो, पण शेठला पाहताच ती सगळी उडाली.

"हे काय आहे?"

"पीस मागच्या वर्षीचा होता न, सर. तारीख तेव्हाचीच चढते."

"म्हणजे तुमी मले जुना माल नवा म्हणून विकला?"

"जुना नाही, सर. फक्त आधीचा."

त्या 'फक्त आधीचा'नं माझं डोकं फिरलं. "मी ग्राहक आहो! ग्राहकाले हक्क असतात! माही बायको दुसऱ्याच्या घरी जाऊन औषध घेऊन राहिली, अन् तुमी तारखा फिरवून राहिले!" असं ओरडून मी काउंटरवर मूठ आपटली. काउंटरवर मिक्सरचा काचेचा जार होता. होता! जाराचे पैसे मला भरावे लागले, आणि त्या फुटक्या जाराचं पक्कं बिल, बरोबर तारखेचं, अर्ध्या मिनिटात निघालं. त्या दिवशी प्रिंटर धडधाकट होता.

घरी येऊन मी पंख्याखाली धुमसत बसलो. शालूनं सगळं ऐकून घेतलं. "अहो, जार कितीचा होता?" एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतः माझ्याबरोबर आली. तिनं ते वहीचं पान काउंटरवर ठेवलं. त्याच्या शेजारी मोबाइलमधला बँकेचा मेसेज उघडला. आवाज अजिबात चढवला नाही.

"भाऊ, हे अक्षर तुमचं. ही सही तुमची. पैसे मार्चमध्ये मिळाले तुमाले. बिल द्यायले दोन महिने लावले, अन् दिलं तं खोटं दिलं. या दोन्हीची ग्राहक आयोगात तक्रार होते. मी ती घरून लिहूनच आणली आहे. वाचू का?"

"ताई, तुमी बसा न. पाणी आणू का?"

"पाणी नको. बिल द्या."

दहा मिनिटांत बिल आलं. बरोबर तारीख, बरोबर मॉडेल, शिक्का, सही. शालूनं तिथंच त्याचा फोटो काढला. (मी हसलो. खरं बिल हातात असताना फोटो कशाला!)

परतताना मी म्हटलं, या बिलाला आता कोणी हात लावता कामा नये, याला लॅमिनेशन करतो. शालूला ऑटोत बसवून घरी पाठवलं आणि झेरॉक्सच्या दुकानात शिरलो. तिथल्या बाईनं बिल मशीनमध्ये घातलं. दुसऱ्या बाजूनं एक चकचकीत, टणक, कायमस्वरूपी काळा कागद बाहेर आला. कुळकुळीत काळा! ना तारीख, ना मॉडेल, ना शिक्का!

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं शालूच्या मोबाइलमधला फोटो पाहून फ्रीज दुरुस्त केला आणि इन्सुलिन घरी परत आलं. पण झेरॉक्सच्या दुकानात मला ते कुठं माहीत होतं? इतक्या दिवसांचा सगळा राग मी त्या बाईवर काढला. "तुमाले काम येत नाही तं मशीन ठेवता काहून?"

ती शांतपणे म्हणाली, "काका, मी पयलेच म्हटलं, हा कागद गरम झाला का काळा पडते. तुमीच म्हणाले, ग्राहक मी आहो, मले शिकवू नका."