गोलातली पहिली खुर्ची

हसायचं असेल तर चहा आधी संपवा, नाहीतर सांडेल. मी स्वतःच्याच तोंडाने स्वतःला नापास कसं करून घेतलं, ते सांगतो.

गोवा राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी डिचोलीला एका खाणीच्या ऑफिसात कारकून होतो. तेवढ्यात आमच्याकडे पदवीनंतरचा समाजकार्याचा नवा कोर्स सुरू झाला. मी नोकरी सोडली आणि पहिल्याच बॅचला नाव घातलं! बाबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. बोलले तेव्हा एवढंच म्हणाले, "समाजाचें काम करपाक परीक्षा कित्याक जाय?"

आता सांगा, समाजाच्या कामाला परीक्षा कशाला हवी म्हणणाऱ्या माणसासमोर नापास होऊन घरी जायची कोणाची छाती आहे? काही झालं तरी पास व्हायचंच, असा मी हट्टच धरला.

त्यात मध्येच अभ्यासक्रम बदलला! आधी गावात जाऊन एक भाषण ठोकलं की फील्डवर्कचे मार्क मिळत. सुधारित अभ्यासक्रमात भाषण बंद. आता लोकांची बैठक घ्यायची, तीही गोल बसवून. टेबल नाही, स्टेज नाही, कोणी वर नाही, कोणी खाली नाही. निर्णय लोकांनी घ्यायचा, आणि आमच्या मॅडम स्वतः येऊन ते बघणार.

मला पेडण्यातलं एक आतलं गाव मिळालं. बालवाडीची खोली कुठे बांधायची, एवढंच ठरवायचं होतं. डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून पेडणे, पुढे पायी. असे पंधरा दिवस मी घरोघर फिरलो. तिथल्या बालवाडीच्या सुमतीबाय म्हणाल्या, "लोक येतले रे पुता. तूं भियेनाका."

आणि आले की हो! देवळाच्या चौकात, म्हणजे आतल्या सभामंडपात, मी मंडपवाल्याकडच्या तीस खुर्च्या मांडल्या होत्या. मध्ये खडूची खूण, तिथून सुतळी धरून, अगदी वाटोळ्या! लोक आले, गोलाभोवती उभे राहिले.

"बसा ना!"

"बसतांव, बसतांव."

पाच मिनिटं गेली, दहा गेली. एकही माणूस बसेना! मी हात जोडले. एकाला तर खांद्याला धरून खाली दाबलं. तो गुडघ्यात वाकला आणि पुन्हा सरळ झाला.

सुमतीबायनी मला खांबाआड ओढलं.

"तूं डिचोलेचो न्हय रे? तुका इतलेंय कळना? वयल्या वाड्याचो मान पयलो काय सकयल्या वाड्याचो, हाची केस कोर्टांत आसा. वयल्या वाड्याचो भिकाजीबाब, सकयल्या वाड्याचो विठूबाब. जो पयलो बसलो, ताणें केस जिखली म्हणपाचें!"

एरवी वरचा आणि खालचा असे हे दोन वाडे देवळात समोरासमोर दोन बाजूंना बसत. पहिलं कोण हा प्रश्नच येत नसे. मी शहाण्याने दोन्ही बाजू मोडून गोल केला होता!

"पण बाय, गोलात पहिलं कोण असतं?"

"देवाच्या उजवे वटेन जी कदेल, ती पयली."

एवढंच ना? मग देवापासूनच लांब जाऊ! मी हुकूम सोडला, खुर्च्या अंगणात न्या. अंगणात तुळस निघाली. तुळशीच्या उजवीकडची खुर्ची पहिली! मग शाळेच्या मैदानावर. तिथे झेंड्याचा खांब. खांबाच्या उजवीकडची पहिली! शेवटी सगळ्यांना घेऊन मी भर रस्त्यावर आलो. तिथे ना देव, ना तुळस, ना खांब. भिकाजीबाबांनी शांतपणे आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "उदेंतेकडली पयली."

पण लोकांचा उत्साह बघा! खुर्चीवर बसायला कोणी तयार नव्हतं, खुर्ची डोक्यावर घ्यायला मात्र सगळे तयार. नेमक्या त्याच वेळी पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या, मोटरसायकलवर मागे बसून आमच्या मॅडम आल्या. पन्नास माणसं, डोक्यावर तीस खुर्च्या, पुढे घामाघूम मी! मॅडम उतरल्या आणि वहीत लिहायला लागल्या.

"वा! किती हा लोकसहभाग! पण बैठक कधी?"

माझं डोकं सणकलं. आज ह्यांना बसवल्याशिवाय मी गाव सोडणार नाही! पूर्वेकडची खुर्ची मी ओढली आणि धपकन बसलो.

"ही पहिली! झालं समाधान? मी ना ह्या वाड्याचा, ना त्या! आता तरी बसा!"

भिकाजीबाबांनी विठूबाबांकडे पाहिलं. विठूबाबांनी भिकाजीबाबांकडे. आणि दोघे एकदमच बसले, एक माझ्या उजवीकडे, एक डावीकडे. मग धडाधड सगळ्या खुर्च्या भरल्या! अर्ध्या तासात खोलीची जागा ठरली. मॅडम खूश. मला वाटलं, जिंकलो!

कुठलं काय? गावाला तोडगा फारच आवडला. नळाची बैठक, रस्त्याची बैठक, प्रत्येक वेळी मला निरोप. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोणीतरी गाठायचं, "सर, आयतारा बसका आसा. तूं पयलो बसले बगर सुरू जायना." मीही रविवारी दोन बसगाड्या आणि पुढे पायी असा जायचो, पहिल्या खुर्चीत बसायचो, शहाळं प्यायचो. बरं वाटायचं हो, खोटं कशाला बोलू?

वर्षाच्या शेवटी मॅडमनी सुधारित अभ्यासक्रमाचं शेवटचं पान उघडलं. कार्यकर्त्याने हळूहळू बाजूला व्हायचं, लोकांनी आपलं आपण चालवायचं.

"तुमच्याशिवाय तिथे बैठक होते?"

"नाही, मॅडम."

"मग फील्डवर्क पुन्हा करा."

घरी बाबांनी विचारलं, "आतां कितें?" मी म्हटलं, परत! सोडतो की काय? आणखी एक वर्ष घासलो. दोन्ही म्हाताऱ्यांच्या पाया पडलो, सुमतीबायना मध्ये घातलं, आणि शेवटी दोघांनी कबूल केलं. एका बैठकीला पहिली खुर्ची विठूबाबांची, पुढच्या बैठकीला भिकाजीबाबांची. मला खुर्चीच नाही!

परीक्षेचा दिवस उजाडला. मॅडम वही उघडून उभ्या. मला करायचं काय होतं? काहीच नाही! बाहेर उभं राहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. बस्स!

विठूबाब इस्त्रीचा शर्ट घालून आले. गोलात शिरले. माझ्याकडे बघून हसले आणि पहिल्या खुर्चीत बसले.

आणि मला काय झालं, देव जाणे.

"ओ विठूबाब! उठात पळोवया! ती कदेल म्हजी!"

मॅडमचं पेन थांबलं.

"अहो, तुम्हाला बाजूला व्हायचं होतं ना?"

आणि मी काय म्हणालो असेन? कान धरून सांगतो.

"मॅडम, तुम्ही मध्ये पडू नका! तुम्ही बाहेरच्या. आमच्या गावचा मान तुम्हाला कळायचा नाही!"

आमच्या गावचा! त्या गावात माझं घर नाही, माड नाही, मतदार यादीत नाव नाही. होती ती एक खुर्ची, तीसुद्धा मंडपवाल्याची. आणि तिच्यापायी मी दुसऱ्यांदा नापास झालो.