आधी गप्प बसवून पाहणारे दगडूमामा

दगडूमामा जुना ॲम्प्लिफायर घेताना गाणं कधीच लावत नसत. मशीन चालू करायचं, काहीही न वाजवता आवाज शेवटपर्यंत वाढवायचा आणि आतून घरघर येते का ते ऐकायला स्पीकरला कान चिकटवून डोळे मिटायचे. विकणारा वैतागला तरी ते डोळे उघडत नसत. "गाणं तर कोनबी गातंय, जावईबापू. याला गप बसता येतंय का, ते आदी बगू," म्हणायचे.

मी त्यांचा जावई नव्हे. माझी बायको शालू बोरीची आणि मामाही बोरीचे. गावचा जावई तो आपलाच, म्हणून मी बापू झालो. चाळीस वर्षं त्यांनी लग्नांत भोंगे लावले. आता ते नाहीत, पण आमची गंगाखेडची खरेदी आठवली की मला आजही एकट्यालाच हसू फुटतं.

सासरे गेल्यावर शालूने त्यांचे लाकडी पेटीचे दोन स्पीकर परभणीला आमच्या घरी आणले. त्यांचा ॲम्प्लिफायर आधीच जळाला होता. तसे स्पीकर आता मिळत नाहीत, आणि माझ्या हातून तेही जळले असते तर शालूने मला जन्मात माफ केलं नसतं. हे ठाऊक असूनही मी गंगाखेडच्या एका मंडपवाल्याकडे जुना माल हेरून ठेवला होता. निळे दिवे, दोन पंखे, हजार वॅट. नुसतं बघूनच मला गुदगुल्या होत होत्या. मामांना मी फक्त शिक्कामोर्तब करायला नेलं.

मामांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला एक फाटका स्पीकर काढला. त्याचं नाव बकरा. अनोळखी मशीन आधी बकऱ्याला जोडायचं, म्हणजे जळलाच तर तो जळेल. माझ्या लाडक्या हजार वॅटला त्यांनी बकरा जोडला, बटण दाबलं, आणि घूं करून बकऱ्यातून धूर निघाला.

"हे गुरुजींचे स्पीकर असते म्हंजे?" मामांनी शांतपणे विचारलं. गुरुजी म्हणजे माझे सासरे. मी हजार वॅटपासून दोन पावलं मागे सरकलो. मग मामांनी त्याच पिशवीतून दुसरा बकरा काढला, तेव्हा मात्र मी खाली बसून हसलो. मंडपवालाही हसला आणि त्याने चहा सांगितला.

घाबरून मी म्हणालो, सगळ्यात लहान मशीन घेऊ. मामांनी मान हलवली. "लय लहानबी नको. भुकेलं मशीन ताणून ताणून वरडतंय, अन् त्यानंबी स्पीकर जळतोय." आमच्या स्पीकरमागचे आकडे त्यांनी तळहातावर लिहून आणले होते. ते बघून त्यांनी कोपऱ्यातला एक धुळकट, बिनदिव्याचा डबा निवडला. दुसऱ्या बकऱ्याला जोडून आवाज पूर्ण वाढवला. काहीच ऐकू येईना. मला वाटलं, हा मेलेलाच आहे. मामांचे डोळे मिटलेले, चेहरा नुकतं जेवण झाल्यासारखा तृप्त. "हे घेऊ," ते म्हणाले.

घरी मामांनी तारा जोडल्या. शालूने वडिलांची आवडती कॅसेट लावली. धूर बघायची हिंमत नव्हती म्हणून मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. गाणं सुरू झालं, तेव्हा कुठे वळलो.

त्या गाण्यात दुसऱ्या कडव्याआधी गायिका श्वास घेते. सासरे तिथे बोट वर करून शालूला म्हणायचे, ऐक. मोबाईलवर इतकी वर्षं तिला तो श्वास सापडला नव्हता. आता तो आला, खोलीतच कुणी घेतल्यासारखा. शालूचं बोट आपोआप वर गेलं. ती रडत होती आणि हसतही होती. तिने कॅसेट मागे फिरवली. पुन्हा श्वास, पुन्हा बोट. तिसऱ्या वेळी मीही बोट वर केलं, चौथ्या वेळी मामांनी. संध्याकाळचं दूध घालायला आलेला गवळी आम्हा तिघांना तसं बघून दारातच थबकला.

मला एकदम घड्याळ दिसलं. मामांची बोरीची शेवटची गाडी केव्हाच गेली होती.

"जाऊ द्या गाडी," मामा बोट खाली न घेताच म्हणाले. "शाले, आनखी एकदा श्वास लाव."