अक्कांची नळी

जंतूंचा पाहुणचार करावा तर आमच्या थोरल्या साडूंनीच. असा यजमान तुळजापुरातच काय, अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात सापडायचा नाही. बसस्टँडमागं त्यांची लॅब आहे. रुग्णाला कोणता जंतू लागलाय हे कळावं म्हणून ते त्याच्या रक्तातला जंतू काचेच्या बशीत, खरवसासारख्या मऊ अगारवर वाढवून बघतात. त्या बशा ठेवायची पेटी माणसाच्या अंगाइतकी ऊबदार असते. सकाळी साडू तिच्या दारावर टिचकी मारून विचारणार, "उठलात का?" मग एकेका झाकणाला नाक लावणार. "ह्याला द्राक्षांचा वास येतोय बघा, गुरुजी. वासाला भुलू नका, लई नालायक हाय." पंगतीत कुणी खोकलं की यांचा घास हातातच राहतो. एका लग्नात त्यांनी नवरदेवाला आहेराबरोबर थुंकीची डबीही दिली. निदान बरोबर निघालं, पण त्या घरातून पुन्हा आमंत्रण आलं नाही.

त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण अक्का, टायफॉइडनं गेल्या. त्यांच्या रक्तातला जंतू साडूंनी आजवर जिवंत ठेवलाय. अगारच्या नळीतला खुराक संपत आला की तारेच्या वळ्यानं थोडा जंतू उचलून नव्या नळीत लावायचा आणि जुनी नळी कुकरमध्ये घालून मारायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तिच्या रक्तावर वाढलेलं एवढंच उरलंय, गुरुजी."

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सोलापूरला जाताना त्यांनी किल्ली माझ्याकडं दिली आणि अक्कांची नळी बदलायला सांगितली. मी शाळेत विज्ञान शिकवतो, तेवढ्या भरवशावर. घरी बायको म्हणाली, "आता घाला ती नळी कुकरात. माझ्या बहिणीला खाल्लेल्याला दाजी जेवू घालतेत, अन् तुमी बघत बसता व्हय?" मी दोघांनाही हो म्हटलं.

दुपारी लॅबचं शटर उघडून आत गेलो. नळीतल्या अगारवर पातळ ओलसर थर होता, काचेवर कुणी नुकताच श्वास सोडावा तसा. नव्या नळीसाठी पेटी उघडली आणि आतली ऊब गालाला लागली, कुणीतरी अगदी जवळ उभं असल्यासारखी. माझ्या तोंडून निघून गेलं, "अक्का, मी आहे." मग स्पिरिटच्या दिव्यावर तार लाल केली, निवू दिली, आणि नव्या नळीत रेघ ओढून ती पेटीत ठेवली. जुनी कुकरमध्ये घातली.

घरी बायकोनं विचारलं, "घातली?"

"घातली कुकरात."

यात खोटं काहीच नव्हतं. ती देवीपुढं बसून मन मोकळं होईतो रडली, आणि मला तिच्या शेजारी बसवेना. अजूनही तिला सांगितलेलं नाही.

साडू काळा चष्मा लावून परतले ते थेट लॅबमध्ये. चष्मा काढून नळी खिडकीशी धरली. "हात कापत होता व्हय, गुरुजी? रेघ लई वाकडी ओढलीय."

त्यांनी नळी मुठीत घेतली आणि थंडीत एखाद्याचा हात धरावा तशी बराच वेळ धरून ठेवली.

"असू द्या," ते हळूच म्हणाले. "धरलंय तिनं."