दोन ओळींत बसणारी माणसं

आमच्या कोशात नोंदी कमी आणि किस्से जास्त झालेत. कारण साधं आहे. नागपूर जिल्ह्यातली झाडं, गावं आणि नामवंत माणसं, प्रत्येकाला फक्त दोन ओळी, असा शाळकरी मुलांसाठीचा छोटा कोश आम्ही करतो. दोन ओळींत माणूस कोंबला की उरलेला कुठेतरी सांडणारच. तो आमच्या सीताबर्डीच्या ऑफिसात चहाच्या कपांमध्ये सांडतो, आणि मग आम्ही कामधाम सोडून त्याच्यावरच बोलत बसतो.

ऑफिसात मोजकीच मंडळी. संपादक ढोमणे सर, झाडं लिहिणारे नंदनवार, गावं लिहिणाऱ्या मेश्राम मॅडम आणि माणसं लिहिणारा मी. शिवाय खाप्याचे निवृत्त शिक्षक, बोरकर गुरुजी. ते नोकरीला नाहीत, पण शनिवारच्या बसने हटकून येतात. त्यांची एकच इच्छा आहे, आपली नोंद कोशात यावी. आणि सरांचा एकच नियम आहे, हयात माणसाची नोंद होणार नाही.

"मेल्यावर छापलं तं मी वाचू कसा गा?" असं गुरुजी विचारतात. त्यावर सर चहा मागवतात.

*

शनिवारी सर आमची परीक्षा घेतात. नाव तळहाताखाली झाकायचं, व्याख्या मोठ्याने वाचायची, बाकीच्यांनी ओळखायचं. कुणालाच ओळखता आलं नाही तर व्याख्या नापास.

एकदा नंदनवारांनी वाचलं, "कुठेही उगवते. कुणी लावावे लागत नाही. उपटून फेकले तरी पुन्हा तिथेच दिसते. जनावरेही तोंड लावत नाहीत."

उत्तर होतं बेशरम, नाल्याकाठची ती जांभळ्या फुलांची झुडपं. पण सरांचे मेहुणे दिवाळीत चार दिवसांसाठी म्हणून आले होते ते होळी आली तरी सरांच्याच घरी होते, आणि हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे खाली बघत बसलो. शेवटी सरच हळूच म्हणाले, "आमचे मेहुणे."

उत्तर चुकलं होतं, तरी सरांनी व्याख्या पास केली.

*

मेश्राम मॅडमनी पारशिवनीची नोंद लिहिली होती, 'पेंचच्या जंगलाकडे जाताना लागणारे तालुक्याचे गाव.' पारशिवनी ही नंदनवारांची सासुरवाडी. या पठ्ठ्याने हौसेने ती नोंद घरी नेऊन बायकोला दाखवली! वहिनी म्हणाल्या, "आमचं गाव काय रस्त्यात पडलं हाय? जंगल लागते आमच्या गावाच्या पुढं." त्या दिवशी स्वारी उपाशी झोपली.

दुसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा पाहून मॅडमना दया आली. त्यांनी पेंचची नोंद बदलली, 'पारशिवनीच्या पुढे लागणारे जंगल.' पारशिवनीची मात्र तशीच राहिली. आता मुलाने पारशिवनी काढली की कोश त्याला पेंचला पाठवतो, आणि पेंच काढलं की परत पारशिवनीला. सर वैतागले. गुरुजी मात्र म्हणाले, "फिरू द्या ना पोट्ट्यायले. बसून राहण्यापरीस बरं."

*

भिवापूरच्या मिरचीला मॅडमनी 'अतिशय तिखट' लिहिलं. सरांच्या मते 'अतिशय' हे मत झालं, माहिती नव्हे. मॅडमचं माहेर भिवापूरचं. सोमवारी त्या डब्यातून एक मिरची घेऊन आल्या.

सरांनी ती चावली. मग त्यांना बोलता येईना. डोळ्यांतून धारा, आणि दोन बोटं वर. दोन ग्लास पाणी हवं होतं म्हणे. मॅडमनी बोटं मोजली, शांतपणे आणखी एक 'अतिशय' वाढवला, आणि ते दोन्ही अजून तसेच आहेत.

*

माझ्या कामातला अवघड भाग म्हणजे माणूस हयात आहे की नाही ते विचारणं. एका जुन्या पैलवानाच्या घरी फोन लावला आणि शक्य तितक्या नरमाईने विचारलं, "पैलवानजी आहेत का?"

"हो, बोलून राहिलो ना."

"मग राहू द्या," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

आता दर सणाला त्यांचा फोन येतो. अजून आहे बरं, एवढंच सांगतात.

*

यंदा थंडीत गुरुजींचा खोकला काही हटेना. मला त्यांची फार काळजी वाटायला लागली. मी सरांना म्हटलं, छापू नका, पण शनिवारी त्यांची नोंद एकदा वाचू तरी द्या. त्यांच्या कानावर पडेल. सरांनी आधी चहा मागवला, मग हो म्हणाले.

मी खाप्याला जाऊन त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना भेटलो. जो तो गुरुजींची एकच गोष्ट सांगत होता. शनिवारी गुरुजींच्या नावावर तळहात ठेवून मी वाचलं, "खापा येथील शिक्षणप्रेमी. शाळा सोडलेली विणकरांची मुले घरोघर जाऊन परत आणली. परीक्षेच्या दिवसांत त्यांना स्वतःच्या घरी जेवू घालून अभ्यासाला बसवले."

आम्हा सगळ्यांना उत्तर माहीत होतं. ठरल्याप्रमाणे ते गुरुजींवर सोडलं. सगळे गुरुजींकडे पाहत होतो.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "हे तं आमची शांता हाय," ते म्हणाले. "घरोघर तीच फिरली, पोळ्या तिनंच लाटल्या. मी फकस्त हजेरी घेतली. तुमाले कोनं सांगतलं हे?"

मला तळहात कागदावरून उचलवेना.

सरांनी विचारलं, "बाई हयात आहेत?"

"नाही. मी इथं याले लागलो त्याच्या आदल्या पोळ्याले गेली."

"मग नियमात बसते," सर म्हणाले. त्यांनी माझ्या हाताखालचा कागद ओढून घेतला, नावाची वरची पट्टी फाडून खिशात टाकली, आणि उरलेल्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'बोरकर, शांताबाई.'

गुरुजींनी कागद हातात घेतला, चष्मा चढवला, आणि नावापासून मोठ्याने वाचायला लागले.