तम्माला वरून उदगीर दिसायचं का?

वारा जसे कुणाकुणाचे पतंग आणून आमच्या गच्चीवर टाकतो, तसे तम्माचे किस्से माझ्याकडे आपोआप गोळा होतात. बरं, थोडं भिंतीवरून डोकावावं लागतं! तम्मा म्हणजे शेजारच्या नीलाक्काचा धाकटा भाऊ. कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात, आणि आमच्या उदगीरात निम्मी कानडी चालतेच. बॉम्बर विमानाचा पायलट होता. लढाईत गेला तेव्हा मी पाळण्यात होते. तरी त्याचं हसणं ऐकल्यासारखं वाटतं.

*

सुट्टीवर आला की सगळी गल्ली त्याच्याभोवती. एका म्हातारीनं विचारलं, "बाबा, इमानातून आपलं उदगीर दिसतं का रे?"

"हाव, दिसतं की मावशी!"

"मग जाता-येता आमच्या गच्चीकडं ध्यान ठिव. कुरडया वाळू घातल्यात, कावळे लई झालेत!"

*

त्याला निलंग्याचं एक स्थळ आलं होतं. मुलीच्या बापानं घर पाहिलं, शेती पाहिली, सगळं पसंत. उठता उठता म्हणाला, "समदं बरोबर हाय. पर जावई जमिनीवर कवा असतो?"

हे सांगताना नीलाक्का अजून हसते. मग आभाळाकडं बघत बसते. मीही बसते. गॅसवर दूध असतं, पण उठवत नाही.

*

लढाई लागली तेव्हा दिवे मालवायचा हुकूम होता. तिन्हीसांजेला गावभर अंधार, आणि यांच्या गच्चीवर कंदील! पोलीस धावत आला. "अम्मा, इझवा! दुश्मनाला दिसंल!"

तम्माची आई म्हणाली, "माझ्या लेकराला घर दिसाया नगं? आन् दुश्मन तरी कुणाचं लेकरूच की!"

पोलीस कंदील काढायला वर गेला आणि चहा पिऊन खाली आला. कंदील वरच!

*

तम्मा आला नाही. विमानही सापडलं नाही. लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. इथं द्यायला काहीच नव्हतं. वडिलांनी मळ्यात एक जागा राखली, तिथं नांगर घातला नाही. त्यांच्यामागं नीलाक्कानं राखली.

यंदा थोरल्या भावाचा मुलगा शिवराज म्हणाला, "आत्या, रिकाम्या मातीला किती जपायचं? पुढच्या पेरणीला ट्रॅक्टर घालणार बघ."

अक्का एवढंच म्हणाली, "मंग त्यानं बसावं कुठं?"

त्या दिवशी ती जेवली नाही. मी डबा नेला होता, म्हणून माहीत.

*

परवा त्याच मळ्यातल्या तुरीवर फवारायला ड्रोन आला. चालवणारी आमच्या बचत गटातली सुनीता. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण गेले!

सुनीतानं अक्काला स्क्रीन दाखवली. वाऱ्यावर डुलणारी हिरवीगार तूर, आणि मधोमध ती उघडी माती. अक्कानं तिच्यावर बोट टेकवलं.

"वरून दिसतंय गं!"

"दिसणारच की, आजी."

"मंग उतरव. हळू. हितंच."

ड्रोन त्या जागेत उतरला. पंखे थांबले. अक्कानं डोक्यावर पदर घेतला, शिदोरीतली भाकर मोडली, तुकडा ड्रोनवरून ओवाळून टाकला आणि पाण्याचा तांब्या उचलला.

"आजी, पाणी नगा! मोटार जळंल!"

शिवराज जागेच्या कडेला चपला काढून उभा होता. हळूच म्हणाला, "वतू दे, सुनीता."

अक्कानं मान वर केली नाही. "गप गं. लई दुरून आलाय."