माका, कांदा आणि मुंबईची बाटली

केस गळू लागलेले तीन मास्तर एका शाळेत आले की किस्से जमवावे लागत नाहीत, टोपीखाली आपोआप साठतात. शहाद्याच्या मराठी शाळेत आम्ही तिघं होतो: हेडमास्तर केशवराव, गणित शिकवणारा मोतीराम आणि मी. मधल्या सुट्टीतल्या आमच्या गप्पा तेलावरून सुरू व्हायच्या आणि तेलावरच संपायच्या.

*

केशवरावांचा विश्वास कांद्याच्या रसावर. रोज सकाळी चोळून येत. एकदा तपासणीला साहेब आले. केशवराव त्यांना खेटून उभे राहून वर्गाची माहिती देत होते आणि साहेबांच्या डोळ्यांना धार लागली होती. जाताना म्हणाले, "शाळेबद्दल इतक्या कळकळीनं बोलणारा हेडमास्तर मी पाहिला नाही."

*

मोतीराम आमच्यात सगळ्यात तरुण, पण केस त्याचेच सगळ्यात वेगानं चालले होते. त्यानं मुंबईहून टपालानं, व्ही.पी.नं टॉनिकची बाटली मागवली. गणिताचा माणूस, म्हणून डोक्याचे दोन भाग केले. उजवीकडे माक्याचं तेल, डावीकडे टॉनिक. चार महिन्यांनी टोपी काढून माझ्यासमोर बसला.

"काय उत्तर आलं?"

"दोन्ही बाजू समान," मी म्हणालो.

तो हसला नाही. टोपी घातली आणि वर्गावर गेला.

*

मग एकदा मोतीरामनं मला विचारलं, "तुम्हाला कोणत्या तेलाचा गुण आला?"

"बायको लावायची, त्याचा."

"केस गळायचे थांबले होते?"

"नाही. तेव्हाही गळतच होते."

तिला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

*

केशवरावांचे वडील वारले. दहाव्याला तापीकाठी केशवराव न्हाव्यापुढे बसले. न्हावी वस्तरा घेऊन नुसताच थांबला. "गुरुजी, काय काढू? आठे ते काहीच नै."

केशवरावांनी मान खाली घातली. "फिरव नुसता. त्यांच्यासाठी फिरव."

*

जर्मनीशी लढाई सुरू झाली आणि मुंबईच्या बाटल्या यायच्या बंद झाल्या. त्या दिवाळीत मी मोतीरामबरोबर त्याच्या घरी, प्रकाशा गावी गेलो. त्याची आई फार थकली होती. डोळे गेलेले, आठवणही जात-येत असायची.

"कोन शे रे?"

"माय, मी शे. मोतीराम."

तिनं त्याची टोपी काढली आणि डोक्यावरून सावकाश हात फिरवला. मग हात मागे घेतला.

"नै रे भाऊ. मन्हा मोतीरामना केस दाट शेतस. बस, जेवी ले."

मोतीराम पाहुण्यासारखा पाटावर बसला आणि जेवला.

निघताना तिनं चाचपडत कोनाड्यातून तेलाची शिशी काढली. "तू शहादाले जास ना? मन्हा मोतीराम तठे मास्तर शे. हाई तेल त्याले दी दे. त्याले बहुत तेल लागस."

मोतीरामनं दोन्ही हात पुढे केले.

"देस त्याले, माय," तो म्हणाला.