सापाच्या पिल्लाचा पहिला घास

जर्मनीत ब्राउनश्वाइगला मी शिकत होतो, तिथले माझे घरमालक रशियातल्या युद्धकैदेतून फार उशिरा परतले होते. मी त्यांच्या माडीवर खोली घेतली तेव्हा त्यांना येऊन तीनेक वर्षं झाली असतील. युद्धाआधी ते शाळेत जीवशास्त्र शिकवत. आता घरीच असत आणि मागच्या खोलीत साप पाळत. बिनविषारी, तपकिरी, शांत साप. मालकीणबाई त्या खोलीत पाऊल टाकत नसत. मालक मात्र जेवायलाही तिथेच जात आणि ताट घेऊन आत गेले की दार लावून घेत. बाईंनी कधी तक्रार केली नाही, पण स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्या रोज दोघांची पानं मांडत.

त्या वर्षी उन्हाळा सरता सरता अंड्यांतून पिल्लं निघाली. बाकीची खायला लागली तशी ओळखीच्यांनी नेली. एक मागे राहिलं, शिसपेन्सिलीइतकं बारीक. ते काही केल्या खाईना. उंदराचं नुकतं जन्मलेलं, मेलेलं पिल्लू मालक चिमट्यात धरून त्याच्यापुढे हलवत. ते मान मागे घेई. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी मला मदतीला बोलावलं. मी साप धरला, त्यांनी काडीने त्याचा जबडा उघडून घास आत ढकलला. सकाळी तो घास ओकून टाकलेला दिसला. मालक बराच वेळ हात धूत राहिले. म्हणाले, परत असं करायचं नाही.

पुढे थंडी सुरू झाली आणि त्यांच्या छातीचं दुखणं उलटलं. इस्पितळात निघताना कोट घालता घालता त्यांनी मला समजावलं, "लहान डबा घ्या, त्यात ओलं शेवाळ घाला. घास कोमट करून ठेवा, झाकण लावा आणि निघून जा. बघत बसू नका. कोणी बघत असलं की खाता येत नाही."

बाई त्यांच्या मागे कोट धरून उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली.

देशात आमच्या घरी अंडंसुद्धा कधी फुटलं नव्हतं. ते गुलाबी, बिनकेसांचं, मिटल्या डोळ्यांचं पिल्लू हातात घेणं मला जमेना. मी चमच्याने उचलून ठेवत असे. सकाळी ते तसंच सुरकुतलेलं सापडे. सापाच्या पाठीचा कणा वर दिसायला लागला होता.

एका दुपारी बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. अजून नाहीच का, असं विचारून त्यांनी डब्याकडे पाहिलं. डबा मोठा आहे, म्हणाल्या, आणि बटणं ठेवायचा आपला पत्र्याचा डबा रिकामा करून आणला. झाकणाला खिळ्याने भोकं पाडली. मग माझ्या हातातून चमचा घेऊन बाजूला ठेवला, उंदराचं पिल्लू ओंजळीत घेतलं आणि वाडग्यातल्या कोमट पाण्यात धरलं. साप मात्र मलाच उचलून ठेवायला सांगितला.

डबा शेगडीजवळ ठेवून आम्ही स्वयंपाकघरात कॉफी घेत बसलो. मालक कैदेत होते त्या वर्षांबद्दल बाई त्या दिवशी पहिल्यांदा बोलल्या. पत्र नाही, निरोप नाही. नवरा मेला असं जाहीर करून घ्या, असं सगे सांगत. त्यांनी ते केलं नाही. का, ते त्यांनाही नीट सांगता येईना.

अंधारून आल्यावर झाकण उघडलं. डब्यात एकटा साप होता आणि त्याच्या अंगाच्या मध्यावर एक गाठ होती. बाई खुर्चीवर बसल्या आणि तोंडावर हात धरून रडल्या.

रविवारी आम्ही इस्पितळात गेलो. साप जेवल्याचं बाईंनीच सांगितलं; तो मान त्यांचा होता. मालकांनी विचारलं, "डोक्याकडून गिळलं?"

"आम्ही पाहिलं नाही," बाई म्हणाल्या.

त्यांनी बाईंचा हात हातात घेतला आणि डोळे मिटले. नाताळापूर्वीच ते गेले.

मी पदवी मिळेपर्यंत त्या घरात राहिलो. मोठे साप एका शाळेने नेले. हा शेवटचा लहान साप कधी नेऊ, असं तिथले शिक्षक अधूनमधून विचारत, आणि बाई त्यांना दर वेळी पुढच्या महिन्याचं सांगत.